दोन हात, दोन लेकरं

*ताई, मी राजारामपुरीतली. बाळंतपणाला माहेरी आले, बाळ आता पाच महिन्यांचं झालं. थोरली अडीच वर्षांची आहे. नवरा दिल्लीत नोकरीला, त्याला मे महिन्याशिवाय रजा मिळत नाही. फेब्रुवारीच्या शेवटी कोल्हापूर–हैदराबाद–दिल्ली असं विमानाचं तिकीट काढूया असं तो म्हणतो. आईचे गुडघे दुखतात, ती येऊ शकत नाही. भावाची नोकरी नवी आहे. घरात सगळे म्हणतात, "दोन पोरं घेऊन एकटी? काहीतरीच काय!" सासूबाईंचं म्हणणं, मेपर्यंत थांब. मामी सांगते, त्या दिवशी बाळाच्या गुटीत जायफळाचे चार वळसे जास्त दे, गप झोपेल. मला जायचंय. थोरली रोज रात्री "बाबा कधी?" विचारते. पण डोळे मिटले की दिसतं, बाळ किंचाळतंय, पोरगी गर्दीत पळालीय आणि मी मधोमध उभी आहे. जाऊ का? आणि गेले तर कसं निभावू?*

*– दोन लेकरांची आई, कोल्हापूर*

प्रिय दोन लेकरांच्या आई,

जा. आणि फेब्रुवारीतच जा.

मेपर्यंत थांबलं की सोपं होईल असं तुझ्या घरच्यांना वाटतंय. लेकरांची वयं बघितली तर उलटंच आहे. आज तुझं बाळ पाच महिन्यांचं आहे. ते रांगत नाही, मांडीवरून उतरायला धडपडत नाही, त्याला अंगावरच्या दुधाशिवाय काही लागत नाही. त्याची खानावळ तुझ्याबरोबरच चालते. मे महिन्यात तेच बाळ आठ महिन्यांचं असेल. तेव्हा ते पुढच्या सीटवरच्या माणसाचे केस धरेल, खाली सोड म्हणून कमान टाकेल, त्याची पेज, वाटी, चमचा सगळं बरोबर घ्यावं लागेल. दोन लेकरांना घेऊन एकटीनं जायला आत्ताच्या इतकी सोयीची वेळ पुढची दोन-तीन वर्षं येणार नाही. दिल्लीचं धुकं डिसेंबर-जानेवारीत असतं, फेब्रुवारीच्या शेवटी तेही ओसरलेलं असतं. नवऱ्यानं महिना बरोबर निवडलाय.

आता तुला रात्री जे दिसतं त्याबद्दल. त्या चित्रात सगळं आहे, फक्त एक गोष्ट तू मोजलेली नाहीस, तुझे हात. हात दोन, लेकरं दोन, आणि वर पिशवी, तिकीट, ओळखपत्र, बाबागाडी, पाण्याची बाटली. प्रवास अवघड होतो तो या हिशेबात. म्हणून माझा सगळा सल्ला एवढाच आहे की घरातनं निघाल्यापासून नवरा भेटेपर्यंत प्रत्येक पायरीवर हात मोज. या क्षणी कुठला हात कुणाकडं आहे? जिथं तिसरा हात लागतोय, तिथं तो कुणाचा, हे आधी ठरव.

हे मी मोठं नुकसान करून घेऊन शिकले. १३ वर्षांपूर्वी माझी लेक तीन वर्षांची आणि मुलगा सात महिन्यांचा होता. तेव्हा कोल्हापुरातनं नियमित विमानं नव्हती, पुणं गाठावं लागायचं. पुण्याच्या विमानतळावर सुरक्षा तपासणीच्या रांगेत माझ्या मागं एक पन्नाशीची बाई होती. तिनं तीन वेळा विचारलं, "एखादी पिशवी धरू का?" तिन्ही वेळा मी म्हणाले, "नको, जमेल." तपासणीच्या पडद्याआड गेले, बाहेर आले, मुलगा कडेवर घेतला, लेकीचा हात धरला, पाठीवरची पिशवी घेतली आणि चालू लागले. निळी पिशवी ट्रेमध्येच राहिली. तिच्यात लंगोट, ओले रुमाल, कपडे, सगळं. हे मला कळलं ते विमान उडाल्यावर, मुलाच्या मांडीवरनं पिवळा ओघळ माझ्या कुर्त्यावर आला तेव्हा. माझी ओढणी त्याला गुंडाळली. तीच बाई दोन रांगा मागं बसलेली. उठून आली, स्वतःचा नवा कोरा पंचा माझ्या हातात ठेवला आणि काही न बोलता परत जाऊन बसली. त्या दिवसापासून "नको, जमेल" हे शब्द मी प्रवासात वापरत नाही.

म्हणून तू आजपासून "हो, एवढं धरा" म्हणायची सवय कर. पण काय धरायला द्यायचं, हे पक्कं असू दे. अनोळखी माणसाच्या हातात सामान द्यायचं, लेकरू नाही. लोक उलटं करतात. "बाळ द्या माझ्याकडं, तुम्ही पिशवी घ्या" असं प्रेमानं म्हणतात. तू म्हण, "बाळ राहू दे, पिशवी घ्या." त्यात त्यांचा अपमान नाही. बाळ ओळखीच्या अंगाला चिकटून राहिलं की शांत राहतं, आणि तुझं अर्धं लक्ष परक्या हातांकडं लागून राहत नाही.

हिशेब असा मांड. बाळ छातीशी, बेबी कॅरिअरमध्ये. एकही हात खर्च नाही. सामान पाठीवर, शाळेच्या दप्तरासारख्या पिशवीत. एकही हात खर्च नाही. थोरली डाव्या हाताला. उजवा हात मोकळा, तिकिटासाठी, दारासाठी, जिन्याच्या कठड्यासाठी. खांद्याला लटकणारी पर्स नको, वाकलं की ती घसरून बाळाच्या तोंडावर येते. मोबाइल, पैसे, आधार कार्ड आणि दोघांचे जन्मदाखले गळ्यातल्या छोट्या पाऊचमध्ये ठेव. बाळ दोन वर्षांच्या आतलं आहे हे विमान कंपनीला दाखवावं लागतं, आणि अडीच वर्षांच्या थोरलीला स्वतःची सीट लागतेच. एका मोठ्या माणसाच्या मांडीवर एकच तान्हं चालतं. तुझी थोरली दोन वर्षांच्या पुढं गेलीय म्हणून तुला हा प्रवास एकटीनं करता येतोय. कॅरिअर आत्तापासून रोज अर्धा तास बांध. रंकाळ्यावर संध्याकाळी त्यातच बाळाला घेऊन फिर. आणि पाठीमागचं बक्कल एकटीनं काढता-घालता येतं का, ते आरशासमोर बघ. तपासणीत कॅरिअर उतरवायला लावतात.

आता थोरली. सगळं घर बाळाची काळजी करतंय, पण त्या दिवशी तुला खरं सांभाळायचंय ते तिला. पाच महिन्यांचं बाळ रडतं आणि दूध प्यालं की थांबतं. अडीच वर्षांची पोरगी घाबरते, कंटाळते, पळते, आणि तिला काय होतंय ते तिलाच सांगता येत नाही. तिला आधी सगळं दाखवून ठेव. एखाद्या दिवशी भावाला म्हण, हिला उजळाईवाडीकडं ने, विमान उतरताना दाखव. घरात खुर्च्या मांडून विमान-विमान खेळा. ओढणीचा पट्टा बांधायचा, "आता कान टुक् करतील" म्हणायचं, पाणी प्यायचं. पट्ट्याची गंमत तिला घरीच कळली तर विमानात ती तो बांधू देईल. एकच नियम शिकव: "एक तर आईचा हात, नाहीतर बाबागाडी." रस्त्यावर, महाद्वार रोडच्या गर्दीत, भाजी घ्यायला जाताना, महिनाभर हाच नियम. आणि हरवलं तर काय करायचं, तेही सांग: आई दिसेनाशी झाली तर पळायचं नाही, आहे तिथंच उभं राहून मोठ्यानं "आई" म्हणायचं. तिच्या दंडावर बॉलपेननं तुझा आणि नवऱ्याचा मोबाइल नंबर लिही, फ्रॉकच्या खिशात चिठ्ठीही ठेव. त्या दिवशी तिला भडक रंगाचं घाल, पिवळं किंवा केशरी, म्हणजे गर्दीत डोळ्याला लगेच सापडेल. ती लंगोट सोडलेली असली तरी त्या एका दिवसापुरता घाल. पट्टा बांधायचा दिवा लागलेला असताना "आई, शू" आलं तर तुला उठता येणार नाही.

याहून नाजूक गोष्ट वेगळीच आहे, आणि ती तुझ्या पत्रात नाही. सहा-सात महिने तुझी लेक आजीच्या कुशीत झोपतेय. बाबांकडं जायचंय हे तिला कळतं, पण आजी बरोबर येणार नाही हे तिला अजून कळलेलं नसेल. आपल्याकडं सोडायला गाडीभर माणसं विमानतळावर जातात. टर्मिनलच्या दारात जवान उभा असतो आणि तिकिटाशिवाय आत कुणाला सोडत नाही. तिथं, मागं रांग लागलेली असताना, आजीच्या पदराची मूठ सोडवून पोरीला आत न्यायचं म्हणजे प्रवासाची सुरुवातच आक्रोशानं. तसं करू नकोस. आजीचा निरोप घरीच घ्या, उंबऱ्याच्या आत, बसून, वेळ देऊन. चार दिवस आधीपासून आजीनंच तिला सांगावं, "मी इथं राहणार, तू बाबाकडं जाणार, रोज फोनवर दिसणार." रडेल ती. घरात रडू दे, आजीच्या मांडीवर रडू दे. आजीची एखादी मऊ जुनी साडी असेल तर तिचा तुकडा तिच्याबरोबर दे. विमानात पांघरायलाही होईल. विमानतळावर फक्त भावानं यावं. त्याचे दोन हात दारापर्यंत तुझे आहेत.

सामान बांधताना आईला एक सांगावं लागेल. ती ओटी भरणार, ते बरोबरच आहे. पण ओटीचा नारळ देवघरात ठेवून जा. हातातल्या सामानात नारळ चालत नाही, आणि सुकं खोबरं तर मोठ्या बॅगेतही चालत नाही. त्यातल्या तेलामुळं ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून त्याची गणना धोक्याच्या मालात होते. कांदा-लसूण मसाला आणि तिखट मोठ्या बॅगेत, घट्ट बांधून. तिखटाची पूड हातातल्या पिशवीत सापडली तर काढून घेतात. पॉवर बँक मात्र उलट, ती हातातल्याच पिशवीत हवी. मोठी बॅग एकच ने. उरलेलं पार्सलनं येऊ दे, आठवडाभर उशिरा आलं तर काय बिघडतंय.

पाठीवरच्या पिशवीत सुट्या वस्तू भरू नकोस. छोट्या प्लास्टिकच्या पिशव्या कर. एकेका पिशवीत एक लंगोट, चार ओले रुमाल, एक झबलं आणि घाण टाकायला एक रिकामी पिशवी. अशा सहा बाळासाठी, दोन थोरलीसाठी. बाळाचं बदलायची वेळ आली की एका हातानं एक पिशवी ओढायची, बस. वर एक दुपटं, बाळाची कुंची, कारण विमानात गार असतं, आणि तुझा स्वतःचा एक कुर्ता. तो आया विसरतात, आणि ओल्या कुर्त्यावर तीन तास काढतात.

खाऊ थोरलीपुरता. राजगिऱ्याचा लाडू, केळं, गूळ-पोळीचा रोल, मऊ चिकूच्या फोडी. भडंग नको. तिला आवडत असलं तरी नको. त्यात शेंगदाणे असतात, आणि शेंगदाणा, फुटाणा, कडक गोळी, अख्खं द्राक्ष हे या वयात घशात अडकणारे पदार्थ. धक्के बसणाऱ्या विमानात, तुझ्या मांडीवर बाळ असताना, तिला ठसका लागायला नको. बाळासाठी किंवा मुलांसाठी लागणारं दूध, पाणी, खाणं देशांतर्गत प्रवासात बरोबर नेता येतं. तपासणीत थोडं चाखून दाखवा म्हणाले तर दाखव.

आता तो दिवस. कोल्हापूरचा विमानतळ तुझ्या कामाचा आहे कारण तो लहान आहे. मार्च २०२४मध्ये उद्घाटन झालेलं नवं टर्मिनल ऐसपैस आहे, तरी दारापासून विमानापर्यंतचं अंतर मुंबई-दिल्लीच्या मानानं काहीच नाही. उड्डाणाच्या दोन तास आधी पोच. सामान देण्याचं काउंटर साधारण तासभर आधी बंद होतं, आणि दोन लेकरांच्या आईला तासाला वीस मिनिटं कमीच पडतात.

काउंटरवर तीन गोष्टी तोंडानं विचार. पहिली, बॅग थेट दिल्लीला जाणार ना? त्यासाठी दोन्ही विमानांचं तिकीट एकाच बुकिंगमध्ये असायला हवं. नवऱ्याला हे आजच सांग, स्वस्त पडतात म्हणून दोन वेगळी तिकिटं काढू नकोस म्हणावं. तसं केलंस तर हैदराबादला दोन पोरं घेऊन पट्ट्यावरनं बॅग उतरवून पुन्हा रांगेत उभं राहावं लागेल. बॅगेच्या चिठ्ठीवर दिल्लीचं नाव आहे ना, स्वतः वाच. दुसरी, बाबागाडी विमानापाशी दिली तर हैदराबादला ती विमानापाशीच मिळणार की थेट दिल्लीला? तिसरी, मला हैदराबादला एका विमानातनं दुसऱ्यात जायला मदतीला माणूस हवा. हे तिकीट काढतानाच कंपनीला फोन करून नोंदवून ठेवायचं, काउंटरवर फक्त आठवण करायची.

सुरक्षा तपासणी ही सगळ्या प्रवासातली सगळ्यात हात-खाऊ जागा. तिथं पोचलीस की पहिल्या जवानाला सरळ सांग, "दोन लेकरं आहेत, एकटी आहे, जरा मदत करा." मग क्रम असा: आधी पिशवी आणि मिटलेली बाबागाडी पट्ट्यावर, मग कॅरिअर उतरवून ट्रेमध्ये, बाळ कडेवर, थोरली हाताला. बायकांची तपासणी पडद्याच्या आड होते. थोरलीला बाहेर थांबवू नकोस, बरोबर आत ने. बाहेर आल्यावर घाई करू नकोस. मोठ्यानं मोज, थोरलीलाही मोजायला लाव: बाळ एक, मी दोन, आई तीन, पिशवी चार, गाडी पाच. मी मोजलं असतं तर निळी पिशवी राहिली नसती.

हैदराबादला जाणारं विमान बहुधा पंख्यांचं, एटीआर-७२ असेल. सत्तरेक माणसांचं. त्याच्याबद्दल थोडं जास्त सांगते, कारण मोठ्या विमानाचे सल्ले त्याला लागू पडत नाहीत. चढायचं दार मागच्या बाजूला असतं. लोक धावून पुढच्या सीट घेतात, तू मात्र मागच्या रांगा माग. दार जवळ, कर्मचारी जवळ, आणि पंख्यांपासून लांब असल्यानं आवाज कमी. सीट दोन-दोनच्या असतात, म्हणजे तुम्हा तिघांच्या मध्ये परकं कुणी नाही. थोरली खिडकीशी, तू वाटेच्या बाजूला, म्हणजे तिला पळायला तुझ्या गुडघ्यांवरनं जावं लागेल. बाळाचं डोकं खिडकीच्या बाजूला ठेव. वाटेच्या बाजूला ठेवलं तर येणाऱ्याजाणाऱ्याची कोपरं आणि चहाची गाडी त्याच्या डोक्याशी येते. डोक्यावरचे खण लहान असतात, पाठीवरची पिशवी पायाशी ठेव, तशीही ती सारखी लागणार आहे. चढताना पायऱ्या आहेत. तिथं बाबागाडी द्यायची, एक हात कठड्याला, एक हात थोरलीला. उडताना आणि उतरताना बाळाला कॅरिअरमधनं काढून तुझ्या पट्ट्याला जोडलेली छोटी पट्टी लावायला सांगतात, ती कशी लागते ते विमान उभं असतानाच बघून घे.

मामीच्या जायफळाबद्दल. त्यांचा हेतू चांगला आहे, पण देऊ नकोस. जायफळ जास्त झालं तर बाधतं, आणि पाच महिन्यांच्या जीवाला "जास्त" म्हणजे किती हे सहाणेवरच्या वळशांनी कुणालाच सांगता येत नाही. सर्दीची झोप आणणारी सिरपंही नकोत. काही लेकरं त्यानं झोपण्याऐवजी उलट चेकाळतात, आणि ते तुला विमान उडाल्यावर कळेल. शिवाय उतरताना बाळ जागं असलेलंच बरं. कान आणि घसा यांना जोडणारी एक नळी असते, लहान मुलांत ती अरुंद असते. विमान खाली येताना आतली हवा दाटत जाते, आणि ती नळी उघडली नाही की कान दुखतो. गिळलं की नळी उघडते. म्हणून उतरण्याच्या वीस-पंचवीस मिनिटं आधी, विमान खाली झुकतंय असं वाटलं की बाळाला पाजायला घे. झोपलेलं असलं तरी हलकेच उठव. थोरलीला स्ट्रॉनं घोट घोट पाणी. चढताना एवढा त्रास होत नाही, तेव्हा सगळं दूध संपवू नकोस. दोघांपैकी कुणाला सर्दी किंवा कानदुखी असेल तर दोन-तीन दिवस आधी बालरोगतज्ज्ञांना कान दाखवून घे.

हैदराबादला दोन विमानांमध्ये किमान अडीच-तीन तास ठेवा. लोक म्हणतील, उगाच बसून काय करणार? खूप काम असतं. थोरलीला पळायला जागा हवी, बाळाला आडवं व्हायला. आणि तुला स्वतःला लघवीला जायचंय, ज्याचा विचार कुणीच करत नाही. आया सकाळपासून पाणीच पीत नाहीत, मग दूध कमी येतं आणि डोकं चढतं. पाणी पी. दिव्यांगांसाठीचं मोठं स्वच्छतागृह किंवा बाळासाठीची खोली विचार. तिथं तुम्ही तिघं आणि बाबागाडी असे सगळे आत मावता. थोरलीला दाराबाहेर उभी करायची वेळ येता कामा नये. सगळ्यांची पोटं, लंगोट, कपडे तिथंच नवे करून घे, म्हणजे पुढचे सव्वादोन तास निभतात.

दुसरं विमान मोठं असेल, तीन-तीनच्या सीट. थोरली पुन्हा खिडकीशी, तू मध्ये, कडेला परका माणूस. शेजारी बाई असेल तर बरं, काउंटरवर विनंती कर. सीट आपल्या आपण बदलू नकोस. बाळ बरोबर असलं की ठरावीक जागाच देतात, कारण तिथं ऑक्सिजनचा एक मास्क जादा असतो. आणि त्या मास्कबद्दल हवाईसुंदरी सांगते ते आईला पटत नाही, तरी ऐक: पहिला स्वतःला. त्या उंचीवर हवा इतकी विरळ असते की अर्ध्या-एक मिनिटात भान जातं. तू शुद्धीवर असलीस तरच दोघांना लावशील. ही वेळ येणार नाही, पण हात मोजतेच आहेस तर हेही मोजून ठेव.

बाळ रडेल. कधीतरी वीस मिनिटं सलग रडेल. एखादा मान वळवून बघेल. त्याच्याकडं बघू नकोस, बाळाकडं बघ. तुला कुणाची माफी मागायची नाही. लेकराला घेऊन बापाकडं निघालीयस, तिकीट काढून बसलीयस. थोरली त्याच वेळी रडायला लागली तर आधी तिला धर, कारण बाळ तुझ्या अंगावर आहेच. खेळणी एकदम देऊ नकोस. चार छोट्या वस्तू जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून ठेव, अर्ध्या अर्ध्या तासानं एक उघडायला दे. उघडण्यातच तिची दहा मिनिटं जातात. मोबाइलवर गाणी आधी उतरवून ठेव. त्या एका दिवशी पोरीनं दोन तास मोबाइल बघितला तर काहीही बिघडत नाही.

दिल्लीला उतरलीस की सगळ्यांत शेवटी उठ. गर्दी जाऊ दे. बॅगेच्या पट्ट्याशी बाळ छातीशी असताना वाकून बॅग ओढू नकोस, शेजारच्या माणसाला दाखव, "ती लाल, जरा काढून द्याल?" देतात. नवऱ्याला आत येता येणार नाही, म्हणून कुठल्या टर्मिनलला उतरतेयस ते त्याला आधी नीट कळव. कुठल्या दारापाशी उभा आहे, ते त्यानं तू बाहेर पडायच्या आधी फोनवर सांगावं.

थोरलीला तो लांबूनच दिसेल, आणि महिनाभर पाळलेला नियम ती एका क्षणात विसरेल. तिथं तिचा हात सोड. नवऱ्याला मात्र आधी सांगून ठेव: ट्रॉली धरायला धावायचं नाही, आधी पोरीपुढं गुडघ्यावर बसायचं. ट्रॉली तू ढकलशील, तेवढ्यापुरते तुझे दोन्ही हात मोकळे असतील.

तुझी,
ताई